शीड, दस्तक आणि रजा

मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणारा प्रवासी आजही शिडाच्या होडीत बसतो. तांडेल शिडाची दोरी ओढतो, वारा भरतो, होडी किंचित कलते आणि पाव तासाच्या आत किल्ल्याचा दरवाजा समोर येतो. या पाव तासात एंजिनाचा आवाज नसतो, की डिझेलचा वास नसतो. प्रवासी तटबंदीची छायाचित्रे घेण्यात गुंतलेले असतात. त्यामुळे आपण या क्षणी काही विशेष करीत आहोत, याची जाणीवही बहुतेकांना होत नाही. वस्तुतः खनिज तेलाचा एक थेंबही न जाळता, साधे तिकीट काढून समुद्रावरून प्रवास करण्याची सोय रायगडच्या किनाऱ्यावर आता जवळजवळ एवढ्यापुरतीच उरली आहे. ज्या किनाऱ्यावर आंग्र्यांची गुराबे आणि गलबते वावरली, जेथून चौलचा माल अरबस्तानात आणि आफ्रिकेत जात असे, तेथे शिडाचे राज्य एका खाडीच्या मुखापुरते संकोचले आहे.

दुसऱ्या बाजूला शिडाचे कौतुक मात्र वाढते आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील एका चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. त्याला एंजिन नाही. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. त्यापूर्वी कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा दोघींनी, तोच पराक्रम केला. या साऱ्यांचा अभिमान वाटावा हे उचितच आहे. परंतु या सर्व मोहिमा नौदलाच्या आहेत. नौदलाच्या बाहेर शीड दिसते ते मुंबईच्या क्लबांमध्ये, म्हणजे ज्यांना स्वतःची नौका ठेवणे परवडते अशांकडे. अलिबागचा एखादा शिक्षक, पेणच्या कचेरीतील कारकून किंवा महाडच्या महाविद्यालयातील विद्यार्थी यांनी मनात आणले की आपण रेवसहून बाणकोटपर्यंत केवळ वाऱ्याच्या बळावर जाऊ, तर त्यांना जाता येईल काय? प्रस्तुत लेखापुढील प्रश्न एवढाच आहे. तो दिसतो तितका हौशी नाही.

प्रथम हा प्रवास शक्य आहे की नाही, हेच पाहू. मांडव्यापासून सावित्रीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटपर्यंतचे अंतर समुद्रमार्गे सुमारे पन्नास सागरी मैल, म्हणजे ९० किलोमीटरच्या आसपास भरते. साध्या शिडाच्या बोटीने ताशी तीन-चार सागरी मैलांचा वेग धरला, तर हे तीन दिवसांचे काम आहे. वाऱ्याचे वेळापत्रक आपल्या शालेय भूगोलाच्या पुस्तकातच दिलेले असते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात. विद्यार्थी ही व्याख्या परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. किनाऱ्यावरच्या कोळ्याने आणि खारव्याने मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर पोट भरले. पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर बंदर गाठायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो.

भरती-ओहोटीचा हिशेबही असाच घरगुती आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक असे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आता समजा, मार्गशीर्षातल्या षष्ठीला रेवसहून निघायचे ठरवले. त्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण होते. पाच-साडेपाचला नांगर उचलला की धरमतरच्या खाडीतून बाहेर पडणारे ओहोटीचे पाणी आणि मतलई वारा दोन्ही एकाच दिशेने बोट ढकलतात. मांडवा, थळ, खांदेरी-उंदेरी ही जोडी आणि अलिबागचा कुलाबा मागे टाकीत दुपारपर्यंत चौलच्या समोर यावे. अकराच्या पुढे पाणी पुन्हा चढू लागलेले असते. म्हणजे तिसऱ्या प्रहरी रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखात शिरताना भरतीच आपल्याला आत घेते. शिवाय षष्ठी-सप्तमी ही भांगाच्या जवळची तिथी, त्यामुळे प्रवाहाचा जोर उधाणासारखा अंगावर येत नाही. दुसऱ्या दिवशी रेवदंडा ते राजपुरी, तिसऱ्या दिवशी दिवेआगर आणि श्रीवर्धनवरून हरिहरेश्वराला वळसा घालून बाणकोट. हिशेब कागदावर जितका नेटका दिसतो तितका समुद्रावर राहत नाही, हे कबूल. वारा पडला तर वल्ही मारावी लागतील किंवा नांगर टाकून स्वस्थ बसावे लागेल. पण या आखणीत अशक्य असे काय आहे?

खरी कसोटी आहे ती परतीच्या प्रवासात. जो वायव्य वारा जाताना मित्र असतो, तोच येताना समोरून येतो. मग दुपारभर नागमोडी चाल करून थोडे अंतर कापायचे, किंवा दिवस बंदरात काढून रात्रीच्या मतलईची वाट पाहायची. जाण्यास तीन दिवस लागले तर येण्यास पाच लागतील. जुन्या गलबतांच्या तांडेलांना हे गृहीतच असे, म्हणून त्यांच्या तोंडी तारखेचे वायदे नसत. आपले सगळे जीवनच तारखेच्या वायद्यांवर उभे आहे, आणि शिडाची अडचण येथून सुरू होते.

इंधनमुक्त प्रवास म्हणजे नेमके काय, याचाही विचार आधी केला पाहिजे. नाहीतर त्याचे सोवळे होऊन बसते. आजच्या नौकांची शिडे बहुधा पॉलिएस्टरची असतात, म्हणजे मुळात खनिज तेलाचीच. नायलॉनच्या दोऱ्यांचे तेच. जगप्रदक्षिणा करणाऱ्या नौकांवरही बॅटऱ्या भारित करण्यासाठी आणि बंदरात शिरण्यासाठी एंजिन आणि थोडे डिझेल असते. स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग ही मुलगी २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील प्लिमथहून न्यूयॉर्कला शिडाच्या शर्यती नौकेने पंधरवड्यात गेली, तेव्हा ती नौका परत आणण्यासाठी खलाशांना विमानाने जावे लागणार, एवढ्यावरून तिची टिंगल झाली. ही टिंगल मला क्षुद्र वाटते. शिवण्याच्या दोऱ्यात तेल आहे म्हणून वाऱ्यावरचा प्रवास बाटत नाही. मर्यादा आखायची तर व्यवहारी आखावी : पुढे जाण्यासाठी तेल जाळायचे नाही, दिवा, बिनतारी संदेशयंत्र आणि दूरध्वनी यांना लागणारी वीज छतावरच्या सौर तबकडीतून घ्यायची, आणि माणसाच्या जिवावर बेतले तर मात्र मिळेल त्या एंजिनाची मदत निःसंकोच घ्यायची. ‘त्रे ओम्ब्रेस’ नावाचे एक बिनएंजिनाचे जहाज २०१० च्या सुमारापासून युरोप आणि कॅरिबियन बेटे यांच्यामध्ये रम, कोको, कॉफी असा माल वाहते आहे. त्याने जगाचा व्यापार बदललेला नाही. पण गलबतावर माल नेणे ही संग्रहालयातली गोष्ट नव्हे, इतके त्याने नक्कीच दाखवून दिले.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे तीन टक्के जहाजांमुळे होते, आणि २०५० च्या आसपास ते शून्यावर आणण्याचे ध्येय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये स्वीकारले. भारत आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो, आणि त्यातील मोठा भाग याच अरबी समुद्रावरून येतो. रायगडच्या किनाऱ्याला तेलाची ओळख नवी नाही. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले आणि पुढे ते उरणला उतरू लागले. त्याच उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचा मच्छिमार डिझेलवरील कराच्या परताव्यासाठी दरवर्षी सहकारी संस्थांमार्फत कागद रंगवतो. एंजिनाने त्याचे कष्ट कमी केले, त्याला दूरवर नेले, वादळापूर्वी घरी परत आणले. हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यासोबत समुद्रात उतरायचे की नाही, हा निर्णय पंपावरच्या भावाच्या हाती गेला. वाऱ्याचा परतावा मागावा लागत नव्हता.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. ‘शीड म्हणजे धोका आणि एंजिन म्हणजे निर्धास्तपणा’ ही समजूत इतकी रुजली आहे की तिची तपासणीच कोणी करीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. तिला वाफेचे एंजिन होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर एंजिनाच्या चाचणीसाठी निघालेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. तेव्हा धोका असतो तो भर पावसाळ्यातील समुद्रात, कोंबलेल्या गर्दीत, न घातलेल्या जीवरक्षक जाकिटात आणि कधीकधी खुद्द वेगात. शिडाच्या काळात आषाढ-श्रावणात समुद्र बंद असे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून बोट लोटली जात नसे. त्यात धर्माइतकेच हवामानशास्त्रही होते. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा कशा मोडून टाकल्या, हे किनाऱ्यावरचे लोक अजून विसरलेले नाहीत. पूर्वीच्या तांडेलाला आभाळाकडे पाहून अंदाज बांधावा लागे. आज हवामान खाते आणि हैदराबादची सागरी माहिती सेवा लाटांचा व वाऱ्याचा काही दिवसांचा अंदाज आधीच देतात. म्हणजे शिडाने जाणारा आज त्याच्या आजोबांपेक्षा अधिक सुरक्षित आहे. गंमत अशी की, हे ज्ञान उपलब्ध झाले तेव्हाच शिडे उतरली.

येथे वाचक म्हणेल, वारा आहे, भरती आहे, अंदाजही आहे. मग अडते कोठे? अडते दोन ठिकाणी : परवानगीत आणि रजेत.

समुद्रावरच्या परवानगीचा इतिहास याच किनाऱ्यावर लिहिला गेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चौलला पाय रोवले आणि अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. तो नसलेले जहाज पकडावे, माल जप्त करावा, असा त्यांचा शिरस्ता. अकबर बादशहाच्या हजयात्रेच्या जहाजांनासुद्धा तो घ्यावा लागे, मग सामान्य सौदागराची काय कथा! १६०९ मध्ये ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने ‘मुक्त समुद्र’ या आशयाचा आपला प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ लिहून, हवेप्रमाणे समुद्रही कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. त्यामागे डच कंपनीचा स्वार्थ होता हे उघडच आहे. तरीही पोर्तुगीज येण्यापूर्वीच या समुद्रात पूर्वेकडील लोकांची ये-जा होती, हा त्याचा युक्तिवाद आपल्या बाजूचाच म्हटला पाहिजे. त्यानंतर शतकभराने कान्होजी आंग्रे यांनी कुलाब्याहून स्वतःचे दस्तक देण्यास आरंभ केला. ते न घेणाऱ्या जहाजांवर त्यांची गलबते तुटून पडत. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले, आपण त्यांना सरखेल म्हणून गौरवतो. मला स्वतःला आपला पक्ष योग्य वाटतो, कारण आपल्या पाण्यात परक्याने परवाने वाटावेत हे कोणी स्वाभिमानी माणूस सहन करणार नाही. पण छोट्या व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर कार्ताझ काय आणि दस्तक काय, दोन्हींसाठी थैलीत हात घालावा लागत होता. खेरीज आपण स्वतःच आपल्यावर घालून घेतलेली सिंधुबंदी होतीच. समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त, ही ती बंदी. ज्या समाजाचे सरखेल समुद्रावर सत्ता गाजवीत होते, त्याच समाजाच्या वरच्या थरात ती मानली जात होती.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क नागरिकाला दिला. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मताने ठरवले. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, हा हक्क काढून घेण्याची पद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. केवळ कायद्यात लिहिली आहे एवढ्याने भागत नाही. या निवाड्यांचे मोल फार मोठे आहे. तथापि हक्क आणि साधन यांत अंतर असते. संचाराचा हक्क घटनेने दिला, पण ज्याच्याजवळ मोटार नाही त्याचा संचार एस. टी.च्या वेळापत्रकापुरता राहतो. आणि समुद्रावर तर जो वेगवान बोटीचे भाडे देऊ शकतो, त्याचाच संचार.

समुद्रावर निर्बंधच नकोत, असे मात्र या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही म्हणता येणार नाही. १९९३ च्या आरंभी दिघी आणि शेखाडी येथे उतरवलेल्या शस्त्रांनी व स्फोटकांनी मुंबईत काय केले, आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मच्छिमारी बोट पळवून आलेल्यांनी काय केले, हे आपण जाणतो. त्यानंतर बोटींची नोंदणी झाली, खलाशांना ओळखपत्रे मिळाली. हे आवश्यकच होते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. तीत तीन एके-४७ रायफली सापडल्या आणि जिल्हाभर नाकाबंदी झाली. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की ती एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची नौका होती. मस्कतहून युरोपकडे जाताना जूनअखेरीस तिचे एंजिन बंद पडले, खलाशांची सुटका झाली आणि रिकामी नौका वाहत वाहत रायगडला आली. या घटनेतून सुरक्षायंत्रणेने जो धडा घ्यायचा तो घेतलाच असेल. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नैऋत्य मोसमी वारे आणि त्यांचे प्रवाह एका निर्जीव नौकेला ओमानच्या बाजूने थेट सावित्रीच्या मुखापर्यंत आणून सोडतात! अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला, तो याच समुद्रावरून, शिडाच्या जहाजाने. वाट अजून तीच आहे.

आज सामान्य नागरिकाने शिडाच्या बोटीने किनाऱ्यावर प्रवास करायचा म्हटले, तर त्याला मासेमारीच्या बोटीचे नियम लागू पडत नाहीत, यांत्रिक प्रवासी बोटीचे नियम त्याच्या बोटीच्या अंगाला बसत नाहीत आणि धनिकांच्या क्रीडानौकांचे नियम त्याच्या खिशाला बसत नाहीत. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात शिडाच्या जहाजांचे एक स्वतंत्र प्रकरणच होते. पुढे त्या जहाजांना एंजिने बसली, शिडे गेली, तरी सरकारी कागदांत त्यांचे नाव ‘यांत्रिक शिडाची जहाजे’ असेच चालत राहिले. शीड नसलेल्या जहाजाला कागदावर शीड आहे, आणि ज्याच्याजवळ खरोखरच शीड आहे त्याला कागदावर जागा नाही! २०२५ मध्ये संसदेने नौवहनाचे जुने कायदे बदलून नवे केले. त्यांखालील नियम लिहिणाऱ्यांनी वीस-पंचवीस फुटांच्या बिनएंजिनाच्या प्रवासी बोटीचा निदान एक परिच्छेदभर विचार करावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण रजेची. वर वर्णिलेला प्रवास जाऊन-येऊन आठ दिवसांचा. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला नैमित्तिक रजा आठच मिळतात. म्हणजे समुद्राचा एक प्रवास केला की वर्षभर मुलाला ताप येता कामा नये, की गावाकडची पूजा निघता कामा नये. अर्जित रजा मागितली तर कारण द्यावे लागते. ‘वारा पडल्यामुळे दिवेआगरला अडकलो’ हे कारण कोणत्या अधिकाऱ्याला पटेल? आपल्याकडे प्रवास स्वस्त झाला, जलद झाला, हे खरे. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला मोटारीसकट घेऊन जाणारी रो-रो बोट २०२० च्या मार्चपासून तासाभरात पोहोचवते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरचे खाड्यांवरील पूल पुरे होतील, तेव्हा आगरदांडा-दिघीच्या जंगलजेटीवर खोळंबण्याचीही गरज राहणार नाही. या सोयींना विरोध करणे मूर्खपणाचे ठरेल. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा वाऱ्याची वाट पाहता येत नाही. परंतु प्रत्येक वाचलेल्या तासाचे आपण काय केले, हा प्रश्न एकदा तरी विचारावा. तो तास आपल्या हाती राहिला नाही. शनिवारी अलिबागला जाऊन रविवारी परत येण्याची सवय लागली आणि ‘प्रवास’ हा शब्द ‘पोहोचणे’ या अर्थी वापरला जाऊ लागला. संथ जाण्याची मोकळीक ही आता चैनीची वस्तू झाली आहे. ती ज्यांना वेतन कापले जाण्याची चिंता नाही अशांनाच परवडते.

यावर शासनाने पाण्यासारखा पैसा ओतावा असे मुळीच नाही. एखादे भव्य ‘सागरी पर्यटन केंद्र’ उभारून त्याच्या कोनशिलेवर नावे कोरण्याने तर काहीच साधणार नाही. करण्याजोग्या गोष्टी लहान आहेत. शिडाच्या बिनएंजिनाच्या प्रवासी बोटींसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाने साधी, स्वतंत्र नोंदणी ठेवावी : बोटीची मजबुती, जाकिटे, दिवे, बिनतारी यंत्र आणि तांडेलाची परीक्षा यांवर भर असावा. बंदर सोडताना व गाठताना नोंद झाली की पोलिसांचीही चिंता मिटते. प्रवाशांची नावे त्यांच्याजवळ आणि बोट ओळखीची. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी आणि शाळांनी वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना शिडाच्या बोटीत बसवावे. गिर्यारोहणाच्या संस्थांनी सह्याद्रीचे घाट मध्यमवर्गीय मुलांना ओळखीचे करून दिले, त्याला पैशांपेक्षा उत्साह अधिक लागला. समुद्राच्या बाबतीत असे अजून झालेले नाही. जुलै २०२५ मध्ये रायगडासह खांदेरीचाही जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. तेथे पाहुण्यांची गर्दी वाढेल आणि त्यासाठी थळहून आणखी एंजिने फिरू लागतील. त्यांतील काही फेऱ्या, निदान थंडीच्या मोसमात, शिडाच्या का असू नयेत?

सर्वांत तातडीचे काम मात्र राजपुरीचे आहे. तेथील तांडेलांना दाटीवाटीच्या पाण्यात, गाभ्रलेल्या प्रवाशांसह, बदलत्या वाऱ्यावर होडी किल्ल्याच्या पायऱ्यांना नेमकी लावता येते. ही विद्या पुस्तकात नाही, आणि ज्यांच्या हाताला ती आहे त्यांची मुले दुसरीकडे नोकऱ्या शोधीत आहेत. उद्या वेळ वाचावा म्हणून सगळ्याच होड्यांना एंजिने बसली, तर एखाद्या वर्षात शिडे गुंडाळली जातील आणि मग ‘कौंडिण्य’सारखे जहाज बांधून झाल्यावर ते चालवायचे कसे, हे शिकण्यासाठी परगावी जावे लागेल. सागरी मंडळाने याच तांडेलांना शिकवणारे म्हणून मानधनावर नेमावे. जंजिऱ्याची फेरी त्यांनी करावीच, पण मोसमात महिन्यातून एकदा राजपुरी ते रेवदंडा आणि परत अशी दोन-तीन दिवसांची फेरी दहा-बारा शिकाऊ प्रवाशांना घेऊन करावी. रजा दोन दिवसांची लागेल, तीही शनिवार-रविवार धरून. षष्ठी-सप्तमी कधी येते ते भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहता येते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होण्यास आणि वारा फिरण्यास दोन-अडीच महिने जातात; नियम, परीक्षा आणि नोंदणी यांचे कागद तेवढ्या अवधीत तयार होऊ शकतात.